सव्वीस सदऱ्यांच्या तीन गोधड्या

१

गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी करायची तर कपडे धुऊ नयेत, असं मला पुष्कळांनी सांगितलं. वास जातो म्हणे. मी धुते. खिसे उलटे करते, कडक उन्हात वाळवते, इस्त्री फिरवते आणि मगच कातर उचलते. ज्याला वास हवा असेल त्याने कपाट उघडून बसावं, माझ्याकडे येऊ नये.

हे काम मला कुणी शिकवलं नाही. शाळा चौथीत सुटली आणि शिवणाच्या वर्गाचं मी कधी दारही पाहिलं नाही. पहिली गोधडी शिवली ती उसवली, दुसरी शिवली ती फेकली, तिसरीपासून लोक पत्ता विचारत यायला लागले. त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली. वर्ग करून आलेल्या बायका माझा टाका बघायला येतात आणि 'हा कुठला प्रकार?' म्हणून विचारतात. माझा, म्हणून सांगते.

मी गोधडी शिवते ती बहुतेक मित्रमैत्रिणींसाठी. घरच्यांना घर मिळतं, भांडी मिळतात, फोटो मिळतात, रडायला खोली मिळते. मैत्रिणीला काय मिळतं? ती गर्दीत मागे उभी राहते, कुणीतरी 'आपण कोण?' म्हणून विचारतं आणि ती घरी निघून जाते. अशा माणसाच्या अंगावर काहीतरी घालायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

कामाचा नियम एकच, आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. तुकड्यांचे ढीग करायचे ते रंगावरून नाही, झिजेवरून. अंगावरचं कापड सगळीकडे सारखं झिजत नाही. बाह्या कोपराशी विरतात. पुढचा भाग धुण्याच्या घासाघाशीने पातळ होतो. पाठ मात्र शेवटपर्यंत दणकट राहते. विरलेल्या तुकड्याला दणकट तुकडा जोडला की तो त्याला ओढतो आणि वर्षाच्या आत शिवणीशी भोक पडतं. म्हणून विरलेल्याशी विरलेलं, दणकटाशी दणकट.

एरवी त्याने काही बिघडत नाही. एका माणसाचे कपडे शंभर तऱ्हांचे असतात. एकाच ढिगात कोटाचं अस्तर येतं, स्वेटरची कड येते, झोपायच्या झग्याचा घेर येतो. कुठलं कुठलं होतं ते नंतर मलाही सांगता येत नाही.

माझ्या धाकटीचे कपडे मात्र एकाच तऱ्हेचे होते.

२

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला वाढवलं ते मी. लग्न दोघींनी केलं नाही आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एकसष्टाव्या वर्षी, काउंटरमागे, एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा बारकासा स्क्रू आवळता आवळता ती स्टुलावर टेकली ती उठली नाही.

दुकानात ती रोज पूर्ण बाह्यांचा फिका सदरा घालायची. सगळे माझ्या हातचे, एकाच कागदी साच्यावर कापलेले. कपाटात सव्वीस निघाले. कमरेखालचे जाड कपडे मी एका संस्थेला देऊन टाकले. कॉलरी गोधडीत टोचतात, त्या काढून टाकल्या. उरलेल्याचे ढीग केले. बाह्या, पाठी, पुढचे भाग. तीन ढीग, आणि तिची माणसंही नेमकी तीन.

एक टकटक. पंचवीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होती, म्हणून हे नाव. आता एकटी राहते, काडीसारखी बारीक. दुसरी बेकरीवाली, दाराएवढी रुंद आणि आवाजाने त्याहून मोठी. तिसरे मास्तर, गणिताचे, निवृत्त, दोन वाक्यांच्या मध्ये चहा निवेल इतके सावकाश बोलणारे. दर गुरुवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत ही चौघं पत्ते खेळायची. मला बोलावत नव्हते असं नाही. मी जात नव्हते.

बाह्यांची गोधडी लहान झाली, ती टकटकला दिली. पाठींची सगळ्यांत मोठी, ती बेकरीवालीला. पुढच्या भागांची मास्तरांना.

"आणि तुझी गं ताई?" बेकरीवालीने विचारलं.

"मला कशाला? मी सख्खी आहे. मला आठवायला चिंध्या लागत नाहीत."

असं मी म्हणाले. खरं होतं ते असं, की धाकटी गेली तेव्हा आमच्यात अबोला होता. नऊ दिवसांचा. अबोला आमच्या घरात नवा नव्हता, पण तो दर वेळी तिनेच मोडायचा, बहुतेक तिसऱ्या दिवशी, काहीतरी फालतू बोलून. या वेळी तिसरा दिवस गेला, पाचवा गेला, नववा गेला, आणि ती गेली. तिने एकदा, एकदाच, माझ्या हाताला हात लावून 'ताई, राग नाही गं' एवढं कळवावं, यापलीकडे मला या जगात काही नको होतं. आणि तेच मला कुणाकडे मागता येत नव्हतं.

३

दिलेल्या गोधडीची शिवण मी महिन्याने जाऊन तपासते. पहिल्यांदा टकटककडे गेले.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीशी टेबल, टेबलावर झाकण घातलेला टाइपरायटर, कोपऱ्यात पलंग, आणि एक घड्याळ, ज्याचा आवाज त्या खोलीच्या मानाने फारच मोठा. ती आरामखुर्चीत गोधडी हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. मला काहीतरी खटकलं. काय, ते कळायला पाणी पिऊन होईपर्यंत वेळ लागला. तिचा चष्मा सरळ होता.

टकटकचा एक कान दुसऱ्याहून वर आहे. तिचा चष्मा जन्मात सरळ बसला नाही. दर गुरुवारी पत्ते वाटण्याआधी धाकटी तो काढून, काड्या वाकवून, नीट करून द्यायची आणि शनिवारपर्यंत तो पुन्हा वाकडा व्हायचा.

"नवा घेतलास?" मी विचारलं.

"नाही हो ताई." तिने गोधडीची कड चाचपली. "तुम्ही हसाल."

"हसण्यासारखं असेल तर हसेन. बोल."

"दुपारी गोधडी घेऊन पडते ना, तेव्हा डोळा लागायच्या बेताला कानामागे कुणीतरी काडी बसवतं. दोन बोटं असतात. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग नाकावर हलकं दाबून बघतं."

"स्वप्न पडलं असेल."

"मीही तेच म्हटलं. म्हणून परवा मुद्दाम चष्मा पार वाकवून पडले."

"बरं, मग?"

"मग काय. बोटांनी आधी कपाळावर एक टिचकी मारली."

मी हसले नाही. टिचकी धाकटीचीच होती. लहानपणी ती मी तिला मारायचे, मोठेपणी ती जगाला मारायची.

"डोळे उघडून बघितलंस?"

टकटकने गोधडी आणखी वर ओढली. "मी उघडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही उघडाल?"

मी शिवण तपासली. एक टाका सैल नव्हता. जिना उतरताना स्वतःला सांगितलं की एकटी बाई, रिकामी दुपार, सवय झालेला स्पर्श. डोक्याला असले खेळ येतात. चष्मा तिने स्वतःच झोपेत वाकवला असणार. कुणाच्याही गळी उतरेल असं कारण होतं. माझ्याच उतरत नव्हतं.

४

बेकरीवालीला आडून विचारायची गरज पडत नाही.

"येते की!" तिने मागच्या खोलीत मला पिठाच्या पोत्यावर बसवत सांगितलं. भट्टीची भिंत त्या खोलीला लागून आहे, त्यामुळे तिथे बाराही महिने ऊब. "या बाकाला पाठ नाही ना, आम्ही दोघी एकमेकींना पाठ लावून बसायचो. तशीच बसते. मी आपली गोधडी खांद्यावरून घेते आणि टेकते. आणि ती टेकते. पूर्वीपेक्षा जड झालीय बरं का! मी सांगितलं तिला, माझे पाव खाऊन नाही झालीस, आता कशाने झालीस?"

"तुला भीती नाही वाटत?"

"तिची?" ती इतकी जोरात हसली की बाहेरचं गिऱ्हाईक डोकावलं. मग तिने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले, गालावर पीठ लागलं. "अगं, इतकी वर्षं कुणाला टेकायचं आणि मग नुसत्या हवेला टेकायचं, त्याची वाटते भीती."

मास्तरांनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. खोलीत पुस्तकांचे गठ्ठे, भिंतीशी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीवर चौपदरी घडी घातलेली माझी गोधडी. खिडकी बंद होती. मी उभ्या उभ्या बघितलं. घडी हळूच वर आली, थांबली आणि खाली बसली. पुन्हा वर आली.

वारा, मी मनात म्हटलं. मग खिडकीकडे बघितलं. मग पंखा शोधला. पंखा नव्हता.

"आत्ताच लागलीय झोप," मास्तर कुजबुजले. "आपण बाहेर बोलू या का?"

मी वळले आणि सरळ रस्त्याला लागले. चौकात सिग्नलसाठी थांबले आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. टकटकला हात. बेकरीवालीला पाठ. मास्तरांना छाती, श्वासासकट. बाह्या, पाठी, पुढचे भाग. मी आपली नियमाप्रमाणे झिजेचे ढीग लावत होते. सव्वीसच्या सव्वीस सदरे एकाच साच्याचे, त्यामुळे कापडाबरोबर माझी बहीणही तीन ढिगांत गेली. आणि मी स्वतःच्या हाताने, कागदात बांधून, तिला तीन घरी पोचवून आले.

सिग्नल सुटला, पुन्हा लागला. मागच्या माणसाने 'आजी, चला' म्हणून सांगितलं. त्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

५

भांडण कशावरून झालं तेही आता सांगून टाकते.

या तिघांनी आठ दिवस समुद्रावर जायचं ठरवलं होतं आणि धाकटीने, मला न विचारता, हो म्हणून टाकलं होतं. एकसष्ट वर्षांची बाई, तिने मला विचारायला हवं होतं असं आज मी म्हणत नाही. तेव्हा म्हणाले. ती म्हणाली, "ताई, तूही चल ना." मला त्या 'तूही'चाच राग आला. आधी चौघांचं ठरतं आणि मग उरलेल्या जागेत ताई. मी म्हणाले, "मला नको तुमची भीक. तुला एवढीच ती माणसं प्यारी, तर राहा त्यांच्याकडेच. कायमची राहा."

ती गेली नाही. तिकीट परत केलं आणि तोंड मिटलं.

आणि आता ती राहत होती. मी सांगितल्याबरहुकूम, त्यांच्याकडेच.

आठ दिवस मी मशीनला हात लावला नाही. मनात नुसता हिशोब चालला होता, आणि तो हिशोब चांगल्या माणसाचा नव्हता. तिला भरवलं मी. तिच्या तापात जागले मी. सदरे शिवले मी, गोधड्या शिवल्या मी, आणि वाटणीत मला काय? रिकामं कपाट. तिघांना कळत नव्हतं की आपल्याकडे आहे तो तुकडा आहे. तुकड्यावर त्यांचं भागत होतं. माझं भागणार नव्हतं. मला ती पुरी हवी होती, निदान एक दुपार.

एकोणचाळीस वर्षांत मी कामाबद्दल खोटं बोलले नव्हते. त्या गुरुवारी बोलले. तिघं बेकरीच्या मागच्या खोलीत पत्त्यांविना नुसतीच बसली होती, तिथे जाऊन सांगितलं, "दोरा कच्चा निघाला. गोधड्या द्या, दुहेरी धावदोरा घालून देते."

"माझा तर टाका पक्का आहे," टकटक म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

"तेव्हा म्हणाले. आता म्हणते कच्चा आहे. शिवणारी तू की मी?"

"अगं, पण किती दिवस ठेवणार?" बेकरीवालीचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला मी ऐकला.

"उद्या सकाळी आणा, संध्याकाळी पाचला न्या."

मास्तरांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं असं मला आजही वाटतं. "तुमचा हक्क आहे, ताई," ते म्हणाले. "मी आणून देतो. तेवढं... अलगद धरा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आपली गोधडी झोपलेलं मूल आणावं तशी दोन्ही हातांवर आणली. टकटक दारातून वळता वळता म्हणाली, "पाच म्हणजे पाच हं ताई."

६

धाकटीच्या पलंगावर मी त्या जोडल्या. पाठींची खाली अंथरली, पुढच्या भागांची तिच्यावर, आणि बाह्यांची अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे येईल अशी आडवी घालून कडा लांब टाक्यांनी टाचल्या. तीनदा सुई बोटात गेली. मग उशी ठेवली, वरची कड मोकळी सोडली होती, तिच्यातून आत शिरले आणि उताणी पडले.

दुपारचे अडीच वाजले होते. खिडकीतून उजेडाचा एक पट्टा पलंगाच्या पायांशी आला होता. न्हाणीतला नळ ठिबकत होता. खालच्या मजल्यावर कुणी फर्निचर सरकवत होतं. मी मनाला बजावलं की म्हातारं शरीर आडवं झालं की स्वतःच्याच रक्ताचे ठोके कानात ऐकू येतात, त्याला भुलायचं नाही.

आधी गादी डाव्या अंगाला दबली. हळू, कुणी मला जाग येऊ नये म्हणून जपून बसावं तशी. मग श्वास. तो माझ्या श्वासाशी जुळत नव्हता, हे मी मुद्दाम माझा रोखून धरून पाहिलं. मग हात आला. कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे धरून ती लहानपणी माझ्याबरोबर रस्ता ओलांडायची.

मी रडले असेन. बाकी कुणाला सांगणार नाही, इथे लिहिते.

मी वाट बघत होते. आता बोलेल, आता काहीतरी फालतू बोलेल. नळ ठिबकला. खालची मंडळी कपाट ओढत गेली. शेजारचा श्वास भरून यायचा, थांबायचा आणि शब्दाविना सुटायचा. असं कितीतरी वेळ. शेवटी मी डोळे उघडले आणि मान वळवली.

गोधडीखाली खांद्यांचा उंचवटा होता. दोन्ही खांदे, स्पष्ट. त्यांच्यापुढे गोधडीची कड आणि कडेपुढे उशी. उशी सपाट होती. इस्त्री केल्यासारखी सपाट.

दंडावरचा हात सुटला. उशीच्या अभ्र्यावर खळगे पडायला लागले, बोटांएवढे, आधी एका हाताचे, मग दोन्ही. ते उशीवर पुढे गेले, मागे आले, कडेपर्यंत जाऊन परतले. काळोखात काडेपेटी शोधावी तसं. काहीतरी इथेच ठेवलं होतं आणि आता ते जागेवर नाही.

मग मी त्यांना सापडले. म्हणजे माझा चेहरा त्यांना सापडला. थंड नव्हती बोटं, तेच तर. ओळखीची, कोरडी, ऊबदार. ती माझ्या कपाळावरून आली, भुवयांवरून, नाकाचं माप घेतलं, कानांमागे गेली. फ्रेम द्यायच्या आधी ती गिऱ्हाइकाचा चेहरा असाच बघायची, घाई न करता. एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं. मग दोन्ही तळवे माझ्या जबड्याखाली आले, नीट बसले आणि त्यांनी हलकेच ओढून बघितलं.

निघतंय का, ते.

लिहायला लाज वाटते, पण एक क्षण मी मान सैल सोडली. ने, म्हटलं. तुझं अडत असेल तर ने.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "ताई! पाच वाजून गेले!"

७

टाके मी कसे उसवले ते आठवत नाही. एवढं आठवतं की प्रत्येक टाका निघताना शेजारचा श्वास अडकत होता, आणि मी कातर थांबवली नाही. तिघांच्या तीन गोधड्या घड्या करून त्यांच्या हातात दिल्या.

"झाला पक्का?" टकटकने विचारलं.

"झाला."

"आणि तुमच्या गळ्याला हे काय?"

"वयाने कातडं सैल होतं. तुझंही होईल. जा आता."

त्यांचं पूर्वीसारखं चाललंय. टकटकची दुपार, बेकरीवालीचा बाक, मास्तरांची खुर्ची. मी त्यांच्याकडे जात नाही, शिवण तपासायलाही नाही. तुकडा त्यांचा त्यांना. एक दुपार मागितली होती, ती मिळाली, आणि त्या दुपारी धाकटीला माझं ऐकायला कान नव्हते, बोलायला तोंड नव्हतं.

मी पुन्हा कामाला लागले. कुणा रंगाऱ्याचे कपडे आले होते, त्याच्या मित्रांसाठी. सोमवारची सकाळ. एका अंगरख्याची बाही वेगळी केली, पाठ वेगळी केली, आणि पुढचा भाग कापता कापता कातर गळ्याशी येऊन थांबली. तिथे कापड संपतं. वर काही नसतं. माणूस खांद्यापासून पावलापर्यंत कापडात असतो, पण चेहऱ्याचं कापड कुणी शिवत नाही. मीही शिवलं नव्हतं. जे शिवलं नाही त्याचा मी ढीग केला नाही, ते कागदात बांधलं नाही, कुणाच्या दारी पोचवलं नाही.

मग ते कुठे आहे?

माझं मशीन खिडकीकडे तोंड करून आहे, उजेडासाठी. बसलं की पाठ दाराकडे. ती गेल्यापासून काम करताना माझ्या मानेवर सारखं काहीतरी जाणवायचं. वारा म्हणून मी खिडकीची फट कापडाने बुजवली. गेलं नाही. वय म्हणून मानेला तेल लावलं. गेलं नाही. कुणी आपल्याकडे बघत असलं की मानेला जे होतं ते मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मी मागे वळायला तयार नव्हते, एवढंच. मागे ती नसली तर? हा माझा खरा धाक होता. असली तर काय, हा विचारसुद्धा मी केला नव्हता.

मी कातर खाली ठेवली आणि स्टूल फिरवलं.

दारात, तिचं डोकं जितक्या उंचीवर असायचं तितक्याच उंचीवर, ती होती. सगळं सांगणार नाही. डोक्याखाली दाराची नुसती चौकट होती आणि पलीकडची भिंत, एवढं सांगते. केस विंचरलेले नव्हते. तोंड होतं; बोलायला काही अडत नव्हतं तिचं. ती बोलत नव्हती. खिन्न नव्हती, चिडलेली नव्हती. शाळेतून उशिरा घ्यायला गेले की फाटकाशी उभी राहून बघायची, तशी बघत होती. किती महिने उभी होती कुणास ठाऊक, मोजणारी मीच पाठ करून बसले होते.

बहात्तर वर्षांत, भांडण झालं की, मी आपण होऊन कुणाशी आधी बोलले नाही. आईशी नाही, देवाशी नाही. त्या सकाळी बोलले. काय बोलले ते तिच्यापुरतं आहे. फार लांब नव्हतं. मधे दोनदा आवाज गेला, पुन्हा पहिल्यापासून बोलले.

तिचं तोंड हललं नाही. डोळे मिटले, थकलेल्या माणसाचे मिटतात तसे. उघडले तेव्हा ती दाराच्या अलीकडे होती, खोलीत, कापायच्या टेबलापाशी.

मी स्टूल मागे सरकवलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि चेहरा वर केला.

तिचे डोळे पुन्हा मिटले.